गुरुजींना अजून सांगितलं नाहीये म्हणतेस

पत्र असं आहे, थोडं कापून देतेय:

"ताई, मी नाशिकच्या इंदिरानगरला राहते, वय 24. बीकॉम झालंय, गाण्यात गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद परीक्षा पूर्ण होऊन दोन वर्षं झाली. कॉलेज रोडला एका सीएंच्या ऑफिसात जीएसटी रिटर्न भरते. पंचवटीत एका गुरुजींकडे अकरा वर्षं शिकतेय, ग्वाल्हेर घराण्याचं. मला एमए म्युझिक करायचंय, पुण्याचा फॉर्म भरलाय, ऑडिशन पुढच्या महिन्यात आहे. बाबा सातपूरला कंपनीत आहेत, ते म्हणतात एमए करून शेवटी क्लासच काढणार, मग आत्ताच काढ. आई काहीच बोलत नाही. गुरुजी नेहमी म्हणतात की युनिव्हर्सिटीत कागद मिळतो, गाणं मिळत नाही. बीकॉमवर एमएला घेतात का? नेट किती अवघड असते? एमए करून प्रोफेसर होता येतं का? नोकरी सोडू का? गुरुजींना अजून सांगितलं नाहीये. — अर्धवट तान"

अगं अर्धवट तान,

तुझ्या पत्रात प्रश्नचिन्हं चार आहेत आणि जिथे खरी गाठ बसलीय तिथे पूर्णविराम देऊन मोकळी झालीस. बाकी पत्र मी एकदा वाचलं, शेवटचं वाक्य तीनदा. त्याच्याकडे येतेच, पण आधी चार प्रश्न उरकून घेऊ, त्यातले तीन तर सोपेच आहेत.

बीकॉमवर घेतात का, तर हो, बऱ्याच विद्यापीठांत कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, फक्त गाणं येतंय हे दाखवावं लागतं. कुठे विशारद मागतात, कुठे ऑडिशनवर भागतं, कुठे दोन्ही, म्हणून त्या त्या ठिकाणचं माहितीपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाच, बारीक टाईपातलं पण. तुझं बीकॉम तीन वर्षांचं असणार म्हणजे एमए दोन वर्षांचं. नव्या धोरणात एक वर्षाचं पण एमए आहे पण ते चार वर्षांची ऑनर्स डिग्री केलेल्यांना, त्या भानगडीत पडू नकोस. मी स्वतः बीएस्सी केमिस्ट्री करून गेले होते, आमच्या बॅचला एक इंजिनिअर होता आणि एक बाई बँकेतून व्हीआरएस घेऊन आलेल्या, सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तानपुरा लावून बसायच्या, आम्ही पंचविशीतली पोरं डोळे चोळत यायचो तेव्हा त्यांचा अर्धा तास खर्ज होऊन गेलेला असायचा. त्यामुळे बीकॉमचं मनात ठेवू नकोस.

नेट, म्हणजे कॉलेजात शिकवायच्या पात्रतेची परीक्षा. तीन तासांची परीक्षा, दोन पेपर एकाच बैठकीत. पहिला सगळ्या विषयांना सारखाच असतो, 50 प्रश्न 100 मार्क, त्यात शिकवण्याचं तंत्र, संशोधन, तर्क, आकडेमोड, उतारा असं सगळं. दुसरा आपल्या विषयाचा, 100 प्रश्न 200 मार्क. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही गोल रिकामा सोडायचा नाही. आता गंमत बघ, गाण्यातली चांगली चांगली मुलं पहिल्या पेपरात आपटतात, कारण तक्ता दिसला की त्यांना घाम फुटतो, आणि तू दिवसभर तक्तेच बघतेस, तिथे तुझं बीकॉम कामाला येईल. दुसऱ्या पेपराला नुसते राग-ताल पुरत नाहीत, ग्रंथ, वाद्यं, लोकसंगीत, संशोधनाच्या पद्धती सगळं येतं. एमएला ओपनमधून 55 टक्के लागतात, राखीवला 50. जेआरएफसाठी, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपसाठी, वयाची अट 30 आहे पण बायकांना पाच वर्षांची सूट असते, म्हणजे तुझ्या हातात 35 पर्यंतचा वेळ आहे, आणि जेआरएफ मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 मिळतात, पीएचडी करताना. नुसतं असिस्टंट प्रोफेसरसाठी नेट द्यायची तर वयाची अटच नाही. शिवाय नेटसारखीच आपल्या राज्याची सेट आहे, ती पुणे विद्यापीठ घेतं. अभ्यास केला तर निघते गं, मला दुसऱ्या वेळी निघाली, पहिल्या वेळी मी पहिला पेपर हलक्यात घेतला होता आणि त्यातच गेले.

प्रोफेसर होता येतं का, हा तो एकच अवघड. होता येतं, पण कागदावर पात्र असणं वेगळं आणि जागा निघणं वेगळं. संगीताच्या कायम जागा फार थोड्या, निघतात तेव्हा रांग लांब. तोपर्यंत बहुतेक जण सीएचबीवर असतात, तासावर पैसे, मी पण सहा वर्षं होते, एका ठिकाणी तर जूनमध्ये शिकवलेल्या तासांचे पैसे मला दिवाळीनंतर मिळाले. हे तुला घाबरवायला नाही सांगत, बाबांशी बोलताना तुझ्याकडे खरी माहिती असावी म्हणून सांगतेय, कारण "एमए केलं की लेक्चरर" असं म्हणालीस तर ते दुसऱ्याच वाक्याला तुला पकडतील. आणखी एक दार आहे जे फार लोकांना माहीत नसतं, यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमात संगीतासाठी असं आहे की एखादा कलाकार पदवीधर असेल, नावाजलेल्या गुरूंकडे शिकला असेल, आकाशवाणी-दूरदर्शनचा ए ग्रेड असेल आणि विषय नीट समजावून सांगता येत असेल तर एमए-नेटच्या वाटेने न जाता पण तो असिस्टंट प्रोफेसरसाठी पात्र ठरू शकतो. म्हणजे तुझे गुरुजी ज्या वाटेबद्दल बोलतात ती पण शेवटी विद्यापीठात पोचू शकते. पण आकाशवाणीचा ए ग्रेड म्हणजे खायचं काम नाही, आधी बी, मग बी हाय, मग ए, माणसाचं अर्धं आयुष्य जातं त्यात.

आता बाबा. मला तुझ्या बाबांचं म्हणणं अर्धं पटतं. क्लास काढायला एमए लागत नाही, विशारद बास होतं, कामटवाड्यापासून मखमलाबादपर्यंत विशारदवाल्यांचेच क्लास चालू आहेत आणि काही फार चांगले चालू आहेत. पुढचं शिकायचंच असेल तर अलंकार, म्हणजे विशारदच्या पुढची परीक्षा, इथे बसून गुरुजींकडे करता येतं, मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, नोकरी पण राहील. फक्त नेट-सेटच्या फॉर्मवर विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी लागते हे लक्षात ठेव. तर बाबांचं गणित बरोबर आहे, त्यात एकच रक्कम धरलेली नाही, ती म्हणजे वेळ. तू आत्ता 24 ची आहेस. 11 तारखेच्या आत एक रिटर्न, 20 च्या आत दुसरं, मधले दिवस त्याच्या तयारीचे, मार्चएंड वेगळाच. मला खरं सांग, रियाज किती होतो? पत्रात कुठेही तो शब्द आलेला नाहीये. विशारद होऊन दोन वर्षं झाली, या दोन वर्षांत नवे राग किती झाले, आणि गळ्यावर चढले असे किती? मला वाटतं तुला पण हेच टोचतंय आणि त्याला तू एमए असं नाव दिलंयस.

त्यात चूक काही नाही. एमएत मिळणारी सगळ्यात मोठी गोष्ट मला विचारशील तर दोन वर्षं सकाळ ते संध्याकाळ फक्त गाण्याभोवती असणं, घरात कुणी "काय करतेस दिवसभर" विचारत नाही कारण उत्तर तयार असतं, कॉलेजला जाते. हे हसण्यावारी नेऊ नकोस, आपल्या घरांमध्ये चोवीस वर्षांच्या मुलीला चार तास नुसतं गात बसायची परवानगी कुणी देत नाही, डिग्रीच्या नावाखाली मिळते.

पण गाणं तिथे कुणी घशात ओतत नाही. इथे तुझे गुरुजी बरोबर आहेत. तासाला आठ-दहा मुलं, शिक्षकाला अभ्यासक्रम संपवायचा, सेमिस्टरला पाच-सहा राग, प्रत्येकाला समोर बसवून एक मींड दहादा घोटून घेणं तिथे होत नाही. वर असाइनमेंट, प्रेझेंटेशन, आता तर ऑन जॉब ट्रेनिंग पण आलंय. मिळतं ते दुसरंच काहीतरी, आणि ते काय हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं ते सांगते.

मी तुझ्यासारखीच गांधर्वच्या परीक्षा देऊन गेलेली, म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्करांच्या स्वरलिपीत वाढलेली. पहिल्याच आठवड्यात सरांनी क्रमिक पुस्तक पुढे ठेवलं, म्हणाले ही बंदिश वाचून गा. मी बघितलं, सा वर टिंब. आपल्या लिपीत वर टिंब म्हणजे मंद्र, खालचं सप्तक, मी आपली शहाण्यासारखी खाली गेले. ती विष्णु नारायण भातखंड्यांची लिपी होती, तिच्यात वर टिंब म्हणजे तार, वरचं सप्तक! तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ दिसली तर मी तिथे तार सप्तक समजून वर उडी मारली, कारण आपल्याकडे उभी रेघ म्हणजे तार. जिथे चढायचं तिथे उतरले आणि जिथे जागेवर राहायचं तिथे उडी मारली, वर्ग हसून लोळला. समेला तर काय झालं माहितीये, आपल्याकडे समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, 1 लिहितात आणि खालीला, जिथे टाळी न देता हात बाजूला करतात, अधिकचं चिन्ह, तिकडे समेला फुली आणि खालीला शून्य, मी ती फुली अधिकचं चिन्ह समजून समेवर हात बाजूला केला. अकरा नाही पण नऊ वर्षं शिकलेली मी, आणि मला हे माहीतच नव्हतं की माझी लिपी ही एक लिपी आहे. मला वाटायचं गाणं असंच लिहितात.

त्या दिवशी घरी येऊन मी दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून बघत बसले, आणि पहिल्यांदा डोक्यात आलं की हे कुणीतरी ठरवलंय, कुणीतरी बसून विचार केलाय की मंद्राला खूण कुठे करायची. विष्णु दिगंबरांनी एक ठरवलं, भातखंड्यांनी दुसरं, दोघेही विष्णू, दोघेही मराठी. मग प्रश्न सुटत नाहीत. रागांच्या वर्गवारीचे थाट दहाच का, बारा का नाही, अमुक राग या थाटात कसा काय बसवला, ऐकायला तर तसा लागत नाही. शार्ङ्गदेवाचं नाव मी विशारदला पाठ केलं होतं, तेरावं शतक, संगीत रत्नाकर, दोन मार्क. एमएला कळलं की तो देवगिरीच्या यादवांच्या दरबारात होता, म्हणजे आपल्या दौलताबादला, आपण शाळेच्या ट्रिपला जाऊन तो अंधारा बोगदा बघून येतो आणि हे कुणी सांगत नाही. हे असं सगळं मिळतं तिकडे. याने तान सुटत नाही, पण आपण काय गातोय ते आपल्याला दिसायला लागतं. तुला यातलं काहीच नको असेल आणि फक्त गळा तयार करायचा असेल तर पुण्याला जाऊ नकोस, नोकरीचे तास कमी करून घे आणि गुरुजींकडे आठवड्यातून चार दिवस जा, पैसे पण वाचतील.

पुणंच का, हे पण विचार एकदा. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र 1987 पासून आहे, त्याच्या नावातच गुरुकुल आहे, आणि नाटक-नाच-गाणं एका आवारात असण्याचा फायदा मोठा असतो. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग 1969 चा, चर्चगेटला, त्याचे पहिले संचालक डॉ. अशोक रानडे, मराठीत संगीतावर विचार कसा करावा हे ज्यांच्यामुळे कळतं त्यातले ते. एसएनडीटीत बरीच वर्षं प्रभाताई अत्रे विभागप्रमुख होत्या. लांब जायची तयारी असेल तर छत्तीसगडमध्ये खैरागढला 1956 पासून आख्खं विद्यापीठच संगीत आणि कलांचं आहे, बडोदं आहे, बनारस आहे. मुंबईचं ठरवलंस तर एक कर, पंचवटी एक्सप्रेसने रोज अपडाऊन करायचं मनात आणू नकोस, पासवाले करतात, त्यांना दिवसभर बोलायचं असतं, गायचं नसतं. पहाटे उठून गाडी, एसीचा वारा, रात्री घरी, आवाज दोन महिन्यांत बसेल. पुण्याचं तर रोजचं शक्यच नाही, दोनशे किलोमीटरच्या वर, रेल्वे सरळ नाही, आणि चाकणची वाहतूककोंडी.

नोकरी सोडू का, तर यादी लागेपर्यंत अजिबात नको. यादीत नाव आलं की सीएंशी बोल, सोडते असं म्हणू नकोस, पाच-सात क्लायंटची रिटर्न पुण्यातून लॅपटॉपवर करून देऊ का असं विचार. 11 आणि 20 तारीख पुण्यात पण तीच असते. खोलीभाडं नाही तर मेसचा खर्च तरी सुटेल, आणि बाबांना दाखवायला एक आकडा होईल. माझ्याकडे हे कौशल्य नव्हतं, मी दहावीच्या मुलांच्या केमिस्ट्रीच्या शिकवण्या घेतल्या दोन वर्षं, दिवसभर गायचं आणि संध्याकाळी ओरडून व्हॅलन्सी शिकवायची, आवाजाचं वाटोळं. तुझं काम मुक्याने होणारं आहे, नशीबवान आहेस.

अजून एक, आणि हे पहिल्यांदा कर, वयाची भानगड आहे. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती असते, 18 ते 25 वयाच्या, महिना 5,000, दोन वर्षं. तू 24 ची आहेस म्हणजे हीच वेळ, पुढच्या वर्षी बसशील न बसशील. त्याला निदान पाच वर्षं शिकल्याचा गुरूंचा दाखला लागतो, सहीसकट.

आली ना गुरुजींपाशी गाडी.

ऑडिशन पुढच्या महिन्यात, फॉर्म भरून झालाय, आणि ज्या माणसासमोर तू तेराव्या वर्षापासून बसतेस त्याला माहीत नाही. का सांगितलं नाहीस ते तू लिहिलं नाहीस पण मला कळतं, ते "कागद मिळतो" म्हणतात म्हणून तुला वाटतंय की विचारलं तर नाही म्हणतील आणि नाही म्हणाले की जाता येणार नाही, मग न विचारलेलंच बरं, सिलेक्शन झाल्यावर पेढे घेऊन जाऊ, तेव्हा कोण काय बोलणार. हो ना? मी हेच केलं होतं.

माझे पहिले गुरुजी जुन्या नाशकात राहायचे, वाड्यात वरच्या मजल्यावर, जिन्याला दोर बांधलेला. मी पुण्याचा फॉर्म भरला, ऑडिशन देऊन आले, नाव लागलं, तोपर्यंत एक शब्द नाही. पेढे आणायच्या आधीच आमच्या तबलजींनी सहज सांगून टाकलं, त्यांना वाटलं गुरुजींना माहीतच असणार. मी गुरुवारी गेले तर म्हणाले, "पुण्याला निघालात म्हणे." अहोजाहो केलं! नऊ वर्षांत पहिल्यांदा. मग "बरं झालं" म्हणाले आणि पेटीचा भाता लावून ठेवला, त्या दिवशी शिकवलं नाही. रागावले नाहीत, काही नाही, काकूंनी नेहमीसारखा चहा दिला. मी सुट्टीत यायचे तेव्हा शिकवायचे, पण यमन. दिवाळीत यमन, मे महिन्यात यमन, वर्षभर नवं काही नाही. मला तेव्हा वाटलं हट्टी आहेत. पुढे ते गेल्यावर काकूंनी मला त्यांची शिकवणीची डायरी दाखवली, त्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे पुढच्या वर्षाचं लिहिलेलं असायचं, माझ्या नावापुढे चार राग होते, त्यातल्या एकापुढे बंदिशीचा मुखडा पण लिहिलेला. ते चार राग मी एमएला शिकले नाही असं नाही, शिकले, वर्गात, दहा जणांबरोबर. त्यांच्याकडून राहिले ते राहिलेच.

म्हणून सांगतेय, सिलेक्शनच्या आधी जा. परवानगी मागू नकोस, फॉर्म भरलायस ना, मग आता परवानगीचं नाटक कशाला, ते त्यांना पण कळेल. सरळ सांग, मी फॉर्म भरला, आधी विचारायला पाहिजे होतं, धीर झाला नाही. एवढंच. क्लास चालू असताना चार पोरांसमोर नको, अर्धा तास आधी जा. आणि मग ते म्हणतील ते ऐक, मध्ये मध्ये "पण गुरुजी" करू नकोस. "गाणं बिघडेल" म्हणाले तर विचार की कसं बिघडेल, खरंच विचार, वाद म्हणून नाही, कारण त्यांच्या भीतीत तथ्य आहे. ग्वाल्हेरची शिस्त अशी की आधी बंदिशीचा स्थायी-अंतरा पूर्ण भरून मांडायचा आणि मग पुढे जायचं. तिकडे एखादे शिक्षक किराणा घराण्याचे असतील, ते तुला एका षड्जावर पाच मिनिटं बसवतील, दुसरे जयपूरचे असतील, त्यांचं तिसरंच काही असेल, आणि तू वीस महिन्यांत तिन्हीची भेळ करून घरी येशील. आमच्या बॅचच्या निम्म्या लोकांची झाली होती ती. ज्यांची झाली नाही त्यांच्या मागे गुरू होते, जे पंधरा दिवसांनी ऐकून सांगायचे की हे घे आणि हे तिथेच सोडून ये. गुरुजींना सांग की पंधरवड्याला एका रविवारी येईन, आणि येता येईल तेवढंच सांग, उगाच दर आठवड्याला म्हणू नकोस, दोन महिन्यांत ते मोडतं आणि मग तोंड दाखवायची लाज वाटते.

आणि विद्यापीठाचं त्यांना एवढं वावडं असेल असं मला वाटत नाही, तू घाबरून त्यांच्या एका वाक्याचं खूप मोठं केलंयस. ते स्वतः कोणत्या गावात शिकवतायत बघ ना. विष्णु दिगंबरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, वर्ग, परीक्षा, फी, पदव्या, कागदच कागद, तेव्हाही लोक म्हणत असणार की असं वर्गात बसवून गाणं येतं होय. मुंबईची इमारत कर्जापायी गेली तेव्हा ते आले कुठे, नाशकाला, रामनाम आधार आश्रम काढून राहिले. ज्या ग्वाल्हेर गायकीचा गुरुजींना अभिमान आहे ती लोकांच्या घराघरात नेली कुणी, तर पदव्या वाटणाऱ्या या माणसानेच, आणि तुझं विशारद पण त्याच घरचं. हे तू त्यांना ऐकवू नकोस हं, आगाऊपणा होईल, मी तुला तुझ्या धीरासाठी सांगतेय. अजून एक सांगते, भातखंड्यांनी हिंदुस्थानी संगीत पद्धती लिहिली ती मराठीत, आणि सगळी गुरू-शिष्याच्या सवाल-जवाबात. त्यातला शिष्य इतके प्रश्न विचारतो की आपल्याला वाटतं आता मार खाणार हा.

समजा रागावले, बोललेच नाहीत, तर? तरी ऑडिशनला जा. मी तुला न जाण्याचं सांगत नाहीये, लपून न जाण्याचं सांगतेय. आणि आई काही बोलत नाही म्हणतेस, तिला एकदा गुरुजींकडे बरोबर ने, न बोलणाऱ्या आया अशा ठिकाणी बरोबर एकच वाक्य बोलतात आणि काम होऊन जातं.

सांगून झालं, वादळ बसलं, की त्याच बैठकीत विचार, "ऑडिशनला काय गाऊ?" हे विसरू नकोस. तुझा गळा कुठे उघडतो, कुठली तान ऐनवेळी घसरते हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे, तुलाही नाही. माझं मत विचारशील तर अप्रचलित राग काढून परीक्षकांवर छाप पाडायला जाऊ नकोस, आम्ही पण परीक्षक म्हणून बसतो, चौथ्या मुलीने पण तोच अवघड राग काढला की आम्ही एकमेकांकडे बघतो. भीमपलासी गा, बिहाग गा, सुरात गा. विलंबितात स्थायी-अंतरा नीट भर, कारण बरेचदा सात-आठ मिनिटांत थांबवतात, आणि थांबवलं म्हणजे आवडलं नाही असं नसतं. ते "दुसरा कोणता राग?" विचारतील, त्याचं उत्तर तयार ठेव, "काहीही चालेल" म्हणू नकोस. एमए का करायचंय हे विचारतीलच, तेव्हा लहानपणापासून आवड वगैरे नको, ते आम्ही दिवसातून तीस वेळा ऐकतो. जे खरं आहे ते सांग, दोन वर्षं रिटर्न भरतेय आणि रियाज हातातून चाललाय.

तानपुऱ्याचं ॲप आधीच डाऊनलोड करून काळी चार का पाच जी तुझी पट्टी असेल ती लावून ठेव, तिथे इंटरनेट चालेलच असं नाही, एक मुलगी आमच्यासमोर पाच मिनिटं फोन हातात धरून उभी होती बिचारी. आणि आदल्या दिवशीच पुण्याला जाऊन राहा, सकाळची ठक्कर बाजारची बस धरून वेळेत पोचेन असं म्हणू नकोस, नारायणगावपर्यंत सगळं वेळेतच असतं.

— ताई